ऑपरेशनला अकरा वर्षं झाली आणि गोळ्यांचं पाकीट अजून ड्रॉवरमध्येच आहे

परवा मावसभावाचा फोन. "ताई, तू ते ॲसिडिटीचं ऑपरेशन केलं होतंस ना, आता एकदम ओके आहेस ना? मग मी पण करून टाकतो, वैताग आलाय गोळ्यांचा." मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं की बेडशेजारच्या ड्रॉवरमध्ये पँटोप्राझोलचं, म्हणजे ॲसिडिटीच्याच गोळ्यांचं, अर्धं पाकीट पडलंय. ओके आहे का मी? आहे. पण त्याला वाटतंय तसं ओके नाही, आणि हे फोनवर दोन मिनिटांत सांगता येईना, म्हणून म्हटलं लिहूनच काढते. अजून कोणी याच विचारात असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षं हे पोट घेऊन फिरतेय, चार डॉक्टरांना सतराशे प्रश्न विचारलेत आणि वाचलंय भरपूर, एवढंच.

तर माझा त्रास नुसत्या जळजळीचा नव्हता. जळजळ तर होतीच, पण ती गोळीने बऱ्यापैकी थांबायची. थांबायचं नाही ते घशाशी येणं. खाली वाकून बुटाची नाडी बांधायला गेलं की आंबट पाणी थेट तोंडात. रात्री गाढ झोपेत ठसका लागून उठायचं, नाकातोंडात ते कडू आंबट, आणि मग अर्धा तास खोकत बसायचं. बेडच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून बेड तिरका केलेला, डाव्या कुशीवर झोपायचं, रात्रीचं जेवण सातला उरकायचं, सगळं करून झालं. गोळ्या ९ वर्षं घेतल्या, आधी एक मग दोन वेळा. त्यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती म्हणजे या गोळ्या जठरातलं ॲसिड कमी करतात, वर येणं थांबवत नाहीत. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप ढिली असेल तर जे काय पोटात आहे ते वर येणारच, फक्त कमी आंबट होऊन येणार. म्हणजे मी ९ वर्षं गळक्या नळाच्या पाण्यात साखर घालत होते म्हणा ना.

एंडोस्कोपीत ३ सेंटिमीटरचा हायटस हर्निया निघाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याचं भोक मोठं होऊन जठराचा वरचा तुकडा छातीत सरकलेला. सर्जनने तरीही लगेच तारीख दिली नाही, आणि हे मला तेव्हा फार लागलं होतं. मी अगदी बॅग भरून गेल्यासारखी गेले होते आणि ते म्हणाले, "आधी दोन टेस्ट करा, मग बोलू."

पहिली मॅनोमेट्री. नाकातून एक लवचिक नळी खाली पोटापर्यंत घालतात, त्यावर दाब मोजणारे सेन्सर असतात, आणि मग आडवं झोपवून सिरिंजने ५ मिली पाणी तोंडात देतात आणि म्हणतात एकदाच गिळा. असं १० वेळा. ऐकायला सोपं वाटतं, पण घशात नळी असताना एकदाच गिळणं हा काय प्रकार आहे ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. डोळ्यातून घळाघळा पाणी, तिसऱ्या वेळी मी दोनदा गिळलं तर टेक्निशियन शांतपणे म्हणाली, हा धरणार नाही, परत. ही टेस्ट यासाठी की अन्ननलिकेचे स्नायू घास खाली ढकलायला पुरेसे जोरात आहेत का हे बघायचं. ते कमजोर असले आणि खाली सर्जनने घट्ट झडप करून ठेवली तर घास उतरणार कुठून? आणि कधी कधी तर वेगळाच आजार निघतो, अकॅलेशिया नावाचा, त्यात झडप उघडतच नाही आणि लक्षणं मात्र ॲसिडिटीसारखी. त्यावर हे ऑपरेशन केलं तर कल्याणच.

दुसरी पीएच टेस्ट, ॲसिड अन्ननलिकेत किती वेळ वर येऊन राहतं ते मोजणारी. त्यासाठी गोळ्या ७ दिवस बंद. तो आठवडा मी उशीला टेकून बसून काढलाय. मग नाकातून बारीक तार, गालावर चिकटपट्टी, कमरेला डबी, आणि २४ तास तसंच राहायचं. जेवलात की एक बटण, आडवे झालात की एक, जळजळ झाली की एक. रात्री मला तीन-चारदा जाग आली पण कोण अंधारात डबी चाचपत बसणार म्हणून मी बटण दाबलंच नाही. दुसऱ्या दिवशी टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, ॲसिड वर आलेलं मशीनला कळतं हो, पण तुम्हाला त्रास होत होता की नाही ते फक्त तुम्हीच सांगू शकता." तेव्हा ते मी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. रिझल्ट: दिवसातला ११ टक्के वेळ माझ्या अन्ननलिकेत ॲसिड. ४ टक्क्यांच्या खाली नॉर्मल धरतात, ६ च्या वर नक्की आजार. स्नायू मात्र चांगले निघाले. मग तारीख मिळाली.

ऑपरेशनचं नाव निसेन फंडोप्लिकेशन. जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या मागून ओढून तिच्याभोवती मफलरसारखा गुंडाळायचा आणि टाके घालायचे, त्याआधी हर्निया खाली ओढून पडद्याचं भोक शिवून लहान करायचं. घरी पडून असताना मी या निसेनबद्दल वाचलं. रुडॉल्फ निसेन हा जर्मन सर्जन १९३३ ला नाझींमुळे देश सोडून इस्तंबूलला गेला, तिथे १९३६ मध्ये एका पेशंटचा अन्ननलिकेचा खालचा भाग काढल्यावर जोड सुरक्षित राहावा म्हणून त्याने तो जठरात असा गुंडाळून टाकला, आणि बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की त्या माणसाला ॲसिड वर येण्याचा त्रासच नाही. मग १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला त्याने मुद्दाम रिफ्लक्ससाठी म्हणून हे केलं. दुर्बिणीतून करायला १९९१ मध्ये सुरुवात झाली. म्हणजे माझ्या पोटातला मफलर ही एका जुन्या जुगाडाची सुधारित आवृत्ती आहे, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं.

पूर्ण ३६० अंश गुंडाळायचं की २७० अंश असा पर्याय असतो. अर्धवट गुंडाळीला टूपे म्हणतात, त्यात गिळायचा आणि गॅसचा त्रास कमी होतो आणि रिफ्लक्स जवळजवळ तेवढाच थांबतो असं बऱ्याच तुलनांमध्ये दिसलंय. माझं निसेन झालं, पण सैल आणि छोटं, २ सेंटिमीटर लांबीचं. सर्जनचा हात ज्यात बसलाय ते त्याने करावं असं माझं मत आहे, पण हा प्रश्न आधी विचारावा जरूर. मी विचारला नव्हता.

पाच भोकं, दोन तास, दुसऱ्या दिवशी घरी. टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखला, कारण ऑपरेशनसाठी पोटात भरलेला गॅस पडद्याला टोचतो आणि दुखतं मात्र खांद्यात. ओकारी थांबवायचं इंजेक्शन त्यांनी न मागता दिलं, कारण पहिल्या दिवसांत जोराचे उमासे आले तर टाके सुटू शकतात. आणि त्याच रात्री, खरंच त्याच रात्री, मी दुखऱ्या पोटाने सपाट झोपले आणि घशाशी काहीही आलं नाही. नवरा सकाळी म्हणाला, तू खोकलीच नाहीस, मी दोनदा उठून श्वास चालू आहे का बघितलं.

पुढचे ६ आठवडे मात्र बरेच काही शिकवून गेले. पहिले २ आठवडे सगळं पातळ, मग मऊ. सूज असते म्हणून झडप सुरुवातीला गरजेपेक्षा घट्ट असते हे मला सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. पाचव्या आठवड्यात मी शहाणपणा करून ब्रेडचा तुकडा खाल्ला. नीट चावला होता असं मला वाटलं. छातीच्या मध्ये येऊन जो बसला तो बसलाच. दुखतं पण असं नाही की ओरडावं, दाबल्यासारखं, आणि तोंडात लाळेचा पूर, ती पण खाली जाईना. मी बेसिनपाशी उभी राहून थुंकतेय, पाणी प्यावं तर तेही वर राहतंय आणि घाबरायला होतंय. नवऱ्याने पाठ थोपटायला हात उचलला तर मी हातानेच नको म्हटलं. पंधरा-वीस मिनिटं नुसती घरात फेऱ्या मारल्या आणि मग एकदम आतल्या आत काहीतरी घसरल्यासारखं झालं आणि गेला खाली. बसून रडले मी तेव्हा. तीन महिन्यांनी हे सगळं बंद झालं, पण कोरडा ब्रेड मी आजही घोटभर पाण्याशिवाय खात नाही. वजन ६ किलो उतरलं, ज्याचं लोकांनी कौतुक केलं, आणि ते नंतर व्याजासकट परत आलं.

आता ढेकर. ढेकर देता न येणं ही काय तक्रार आहे का असं वाटतं ना? मलाही वाटायचं. पण जेवताना आपण जी हवा गिळतो ती कुठून तरी बाहेर पडायला हवी, वरची वाट बंद झाली की पोट डब्ब होतं आणि मग खालची वाट. सात-आठ महिने मला ढेकर आलाच नाही. मीटिंगमध्ये बसलंय, पोटात ढग गडगडतायत, आणि मी खुर्चीत अंग आवळून. यावर कोणी फार बोलत नाही पण हा सगळ्यात जास्त लोकांना होणारा त्रास आहे. युरोपात ११ देशांत मिळून लोटस नावाचा अभ्यास झाला होता, अर्ध्या लोकांना इसोमेप्राझोल (पँटोप्राझोलच्याच जातीची गोळी) आणि अर्ध्यांना ऑपरेशन, ५ वर्षं बघितलं, २०११ ला छापून आला. त्यात ५ वर्षांनी पोट फुगण्याची तक्रार ऑपरेशनवाल्यांत ४० टक्के आणि गोळीवाल्यांत २८, वारा सरण्याची ५७ आणि ४०, घास अडकण्याची ११ आणि ५. पण घशाशी येण्याची तक्रार गोळीवाल्यांत १३ आणि ऑपरेशनवाल्यांत फक्त २. हे शेवटचे दोन आकडे म्हणजे मी. ज्याला घशाशी येतंय त्याला या ऑपरेशनने काय मिळतं ते यात आलं. आणि त्याची किंमत काय ते आधीच्या आकड्यांत. गंमत म्हणजे एकूण त्रास आटोक्यात असलेले लोक गोळीवाल्यांतच जास्त होते, ९२ टक्के, ऑपरेशनवाले ८५. म्हणजे गोळीने ज्याचं भागतंय त्याने पोट उघडायची घाई करू नये असं मी तरी त्यातून घेतलं.

पहिली दोन वर्षं मी नुसती उडत होते. एक गोळी नाही. पालथी झोपायचे, मुद्दाम.

तिसऱ्या वर्षी एकदा बाहेरचं काहीतरी बाधलं. रात्री दोनला पोट ढवळून आलं आणि उलटी होईना. म्हणजे शरीर पूर्ण जोर लावतंय, उमासे येतायत, डोळ्यांपुढे अंधारी, आणि बाहेर काहीच येत नाही, फक्त फेस. बाथरूमच्या फरशीला गाल लावून मी पहाटेपर्यंत पडून होते आणि डोक्यात एकच, टाके तुटले असणार, गेलं सगळं. सकाळी इमर्जन्सीला गेल्यावर तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला फंडोप्लिकेशन म्हणजे काय हे मला सांगावं लागलं. मग त्यांनी नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं आणि जादू झाल्यासारखं शांत झालं. नंतर तपासलं तर गुंडाळी जागच्या जागी होती. तेव्हापासून मी मोबाईलच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवते, माझं असं असं ऑपरेशन झालेलं आहे, उलटी होत नाही. सगळ्यांना असं होतं असं नाही, काहींना काही वर्षांनी उलटी करता येते, टूपेवाल्यांना जास्त. मला त्यानंतर एकदा झाली, पाचव्या वर्षी, आणि मी इतकी खूश झाले की घरच्यांना वाटलं डोकं फिरलं.

सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत वजन वाढलं होतं, ऑफिसचं टेन्शन, आणि थोडं थोडं जेवलं तरी तडस लागल्यासारखं व्हायला लागलं. आठव्या वर्षी जळजळ परत आली. छातीच्या मधोमध, तीच जुनी ओळखीची. मला आठवतं मी सिंकपाशी उभी होते आणि मनात आलं, संपलं. एवढे हाल करून घेतले आणि आठ वर्षांत परत तिथेच.

जवळच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि पँटोप्राझोल लिहून दिलं, म्हणाले होतं असं, ऑपरेशन काही वर्षंच टिकतं. मी निमूट घेतलं. थोडं बरं वाटलं, मग नाही, मग दोन वेळा. १४ महिने. आणि या १४ महिन्यांत मी जो भेटेल त्याला सांगत होते की माझं ऑपरेशन फेल गेलं. त्यात मी वाचायला बसले आणि वाचलेलं सगळं माझ्याच बाजूचं वाटलं. अमेरिकेत १९८० च्या दशकात ज्यांची ऑपरेशनं झाली होती त्यांना १० वर्षांनी परत गाठलं तर ६२ टक्के लोक नियमित ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ५ वर्षांनी ऑपरेशनवाल्यांतले ४४ टक्के गोळीवर, पण गोळीवाल्या गटात ८२. स्वीडनमध्ये २६५५ लोकांची दुर्बिणीची ऑपरेशनं रजिस्टरमधून काढून बघितली, २०१७ ला आलं ते, तर १७.७ टक्के लोकांना त्रास परत आला, बायकांना, वय जास्त असलेल्यांना आणि इतर आजार असलेल्यांना जास्त. मी बाई, वय वाढलेलं, झालं, मी १७.७ मध्ये.

पण एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. त्रास परत आला म्हणजे काय, हे कसं मोजलंय त्या स्वीडनच्या अभ्यासात? ६ महिन्यांपेक्षा जास्त गोळ्या लागल्या किंवा परत ऑपरेशन झालं, याला ते परत आला म्हणतात. आणि त्या लोकांतले ८३ टक्क्यांहून जास्त फक्त गोळीवाले होते. आणि माझ्या हातात गोळी कोणी दिली होती? दोन मिनिटं ऐकून घेतलेल्या डॉक्टरांनी, एकही टेस्ट न करता.

हे मला सुचलं नाही हां, जुन्या सर्जनने सांगितलं. मी त्यांच्याकडे दुसऱ्या ऑपरेशनचं विचारायला गेले होते. ते म्हणाले, दुसऱ्यांदा करायचं तर पहिल्यासारखं सोपं नसतं, आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, धोका जास्त आणि यश कमी, तेव्हा आधी बघू तरी मोडलंय का. आणि मग म्हणाले की ऑपरेशननंतर परत गोळ्या सुरू केलेल्या बऱ्याच लोकांची पीएच टेस्ट केली तर ती नॉर्मल येते. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे मी खोटं बोलतेय का? "जळजळ खरी आहे हो, ॲसिडचीच आहे का ते बघायचंय."

परत ७ दिवस गोळ्या बंद, आणि हे ७ दिवस पहिल्या वेळेपेक्षा वाईट. त्याचं कारणही आहे. १४ महिने ॲसिड दाबून ठेवलं की गोळी थांबवल्यावर जठर उसळी मारतं. डेन्मार्कमध्ये अगदी धडधाकट, कधीच ॲसिडिटी नसलेल्या लोकांना ८ आठवडे याच जातीची गोळी देऊन बंद केली होती तर पुढच्या काही आठवड्यांत ४४ टक्क्यांना जळजळ वगैरे सुरू झाली, नुसत्या साखरेच्या गोळीवाल्यांत १५ टक्के. म्हणजे गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजेच मला गोळीची गरज आहे, हे गणितच चुकीचं. आणि मी तेच गणित वर्षभर मांडत होते.

बेरियम प्यायले, पांढरं खडूसारखं, एक्सरेत गुंडाळी जागेवर दिसली, वर एक अगदी छोटा हर्निया परत आलेला, पण तो असा बऱ्याच जणांना दिसतो आणि काही करत नाही म्हणाले. मग परत नाकात तार. या वेळी मी प्रत्येक वेळी बटण दाबलं. रात्री तीनला पण, चाचपडत. १४ वेळा. दुसऱ्या दिवशी तो आलेख समोर ठेवला त्यांनी, माझ्या १४ रेघा आणि खाली ॲसिडची रेघ. जवळजवळ सपाट. १.४ टक्के. माझ्या १४ रेघांपैकी एकीच्या खाली छोटासा खड्डा होता, बाकी १३ ठिकाणी काहीच नव्हतं. दहा वर्षांनीही तो मफलर आपलं काम करत होता आणि मी त्याला फेल म्हणून मोकळी झाले होते.

मग जळजळ कशाची? अन्ननलिका हळवी होते, नसा जास्त जागरूक होतात, साधं गिळणं, थोडी हवा, थोडा ताण, यानेही तिला जळल्यासारखं वाटतं. फंक्शनल हार्टबर्न म्हणतात. ऐकल्यावर पहिल्यांदा मला राग आला, कारण "सगळं मनाचं आहे" हेच पॉलिश करून सांगतायत असं वाटलं. पण तसं नाहीये, आजार आहे तो, फक्त ॲसिडच्या गोळीचा नाही आणि टाक्यांचा तर अजिबात नाही. नसांचा हळवेपणा कमी करणारी रात्रीची एक अगदी कमी ताकदीची गोळी ६ महिने घेतली, तोंड कोरडं पडायचं पण चाललं. पोटाने श्वास घ्यायचा व्यायाम शिकवला एका फिजिओथेरपिस्टने, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, पोटावर हात ठेवून. ५ किलो कमी केले, मोठ्या मुश्किलीने. पँटोप्राझोल हळूहळू उतरवत बंद केलं. आता महिन्यातून दोन-तीनदा जळतं. पाकीट ड्रॉवरमध्ये आहे, १० महिन्यांत उघडलेलं नाही, टाकूनही देववत नाही. असू दे.

वारा अजून सरतो. पोट संध्याकाळी फुगतं. ढेकर येतो, पण छोटा, लहान मुलासारखा.

तर मावसभावाचं. त्याला फोन करून मी एवढंच विचारलं, "घशाशी येतं का तुला, वाकलास की?" नाही म्हणाला, नुसतं जळतं, आणि गोळ्यांनी काडीचाही फरक नाही. पीएच टेस्ट? नाही केली. मॅनोमेट्री? ते काय असतं. गोळी कधी घेतोस? "आठवण आली की, जेवण झाल्यावर." म्हटलं बाबा रे. ती गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवायला लागल्यावर जठर ॲसिड बनवायला सुरू करतं तेव्हा ती रक्तात पोचलेली असायला लागते.

मग मी त्याला तो २०१९ चा अमेरिकेतला अभ्यास सांगितला, मला तो तोंडपाठ झालाय. गोळ्यांनी जळजळ थांबत नाही असे ३६६ लोक आले. ओमेप्राझोल नीट, दिवसातून दोनदा, जेवणाआधी घ्यायला लावलं तर ४२ जण तेवढ्यानेच बरे झाले. ९९ जणांना माझ्यासारखी हळवी अन्ननलिका निघाली. २३ जणांना अन्ननलिकेचे भलतेच आजार. बाकीचे कोणी मधेच गेले, कोणी अभ्यासाच्या निकषांत बसले नाहीत. शेवटी ज्यांना खरंच रिफ्लक्समुळे, गोळी घेऊनही त्रास होता असे राहिले ७८. आणि त्या ७८ मध्ये मात्र ऑपरेशनने कमाल केली, ६७ टक्क्यांना चांगला फायदा, जास्तीची औषधं दिलेल्यांत २८ आणि नुसत्या गोळीवर ठेवलेल्यांत १२. "मग मी त्या ७८ मधला असेन," तो म्हणाला. असशीलही, मला काय माहीत, तुलाही माहीत नाही.

बॅरेट्स (ॲसिडमुळे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरात होणारा बदल) वगैरे निघालं असेल आणि कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून कोणी करा म्हणत असेल तर त्यासाठी हे गोळ्यांपेक्षा सरस ठरलेलं नाही, हे पण त्याला सांगितलं. आणि वजन खूपच जास्त असेल तर निसेनऐवजी वजन कमी करायच्या जठराच्या बायपासबद्दल विचारायचं, पण तो तर काडी पैलवान आहे, म्हणून ते सोडून दिलं.

गेल्या मंगळवारी त्याचा फोटो आला. गालावर चिकटपट्टी, नाकातून तार, डोळे लाल, खाली लिहिलेलं, "ताई तू हे दोनदा केलंस???" मी लगेच फोन लावला. बोलायला त्रास होत होता त्याला, नाकात बोलत होता. म्हटलं, डबी उशीखाली ठेवू नकोस, हाताशी ठेव. रात्री जाग आली आणि जळत असलं तर आळस करू नकोस, दाब बटण.

"आणि नसेल जळत तर?"

तर झोप.